बरडगावचं वरण

बरडगावला कुणी सुखासुखी पोरगी देत नसे, आणि त्यात पोरींच्या बापांचं काही चुकत नव्हतं. पैठण रस्त्यानं चितेगाव ओलांडून आत वळलं की काळी जमीन हळूहळू विटत जाते आणि गावाच्या शिवेत पाय ठेवला की माळ पांढरा होतो. वर बोटभर माती, तिच्यात बोराएवढे चुनखडीचे खडे, आणि वीतभर खाली कुदळ मारली की ठण्ण वाजतं. कितीही पाऊस पडो, माळ तो घटाघटा पितो आणि तोंड पुसून पुन्हा कोरडा. कुसळी गवत, तरवड आणि बोरी-बाभळी सोडल्या तर तिथं आपणहून काही येत नाही. एकानं हौसेनं मोसंबी लावली होती. दुसऱ्या वर्षी झाडं कावीळ झाल्यासारखी पिवळी पडली. शेळ्यांनी ती खाल्ली आणि विषय मिटला.

खरी फजिती विहिरीची. माळातला चुना पाण्यात उतरलेला. हंड्याला आतून पांढरा थर, साबणाला फेस नाही, आणि तुरीची डाळ त्या पाण्यात शिजत नाही. सकाळी चुलीवर ठेवा, दुपारी उतरवा. डाळ गरम होते, एवढंच. पापडखार टाकला तर मऊ पडते, पण वरणाला धुण्याची चव येते. बरडगावात जेवायला जायचं तर दात घरी विसरू नयेत, असं शेजारच्या गावांतली माणसं म्हणत.

गावानं यावर तोड काढली होती. रोज पिठलं-भाकरी, आणि लग्नकार्याला नदीचं पाणी. बैलगाडीवर टिपाड चढवायचं, गोदाकाठाहून पाणी आणायचं आणि त्यात वरण शिजवायचं. पुढं ही चाल लग्नाच्याही अलीकडं सरकली. मुलीकडचे घर बघायला येणार म्हटलं की गाडी आधीच नदीला जाई. पाहुणे मऊसूत वरण ओरपत, इथलं पाणी गोड आहे म्हणत आणि सोयरीक पक्की करून जात. याला गावात कुणी लबाडी म्हणत नसे. पाहुण्यांचा मुलाहिजा म्हणत.

द्वारकाबाई अशाच वरणावर बरडगावात आली. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. तिचं माहेर गंगापूरकडं, अगदी नदीला लागून. बाप बरडगावात जेवून घरी आला आणि म्हणाला, "मानसं गोड, पानी गोड. दिली पोरगी." आपल्याच नदीचं पाणी परक्याच्या घरी पिऊन त्यानं ते पसंत केलं होतं. द्वारकाबाईला कुणी काही विचारलं नाही. तशी पद्धतच नव्हती.

सासरी ती पहिल्यांदा चुलीपुढं बसली तेव्हा तिनं वरणच टाकलं, कारण माहेरी तिच्या वरणाची तारीफ होती. जाळ घालून घालून सरपण संपलं. ताटात वाढलं तर डाळ वाजली. तिला वाटलं, आपल्या हातालाच काही झालं. सासू उंबऱ्यावर बसून सगळं बघत होती. सरपणाची शेवटची काटकी जळेपर्यंत ती गप्प राहिली, मग म्हणाली, "हितल्या पान्यात डाळ शिजत नाय, बाई. तुज्या बापाला वाढलं ते नदीचं पानी व्हतं."

त्या दिवशी द्वारकाबाई जेवली नाही. डाळ न शिजल्याचं तिला फारसं काही नव्हतं. बापाला फसवलं आणि त्या एका जेवणावर आपला अख्खा जन्म इकडं येऊन पडला, याचा तिला संताप आला. तो सांगावा असं घरात माणूस नव्हतं. नवरा, नानासाहेब, वाईट नव्हता. पण त्यानंही ते वरण पंगतीत बसून खाल्लंच होतं.

माळाशी मात्र तिचं जमलं. माहेरच्या काळ्या रानात पावसाळ्यात पाय रुतला की चप्पल तिथंच ठेवून यावं लागे. इथं पाऊस थांबला की चालायला मोकळं. तिनं शेळ्या पाळल्या, तर चिखलानं एकीचेही खूर सडले नाहीत. ज्वारीचं पेव या माळात खणलं की दाण्याला ओल लागत नाही. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे देते; ही जागची हलत नाही. शिवाय माळ नापीक होता तो तसा दिसतही होता. कुणाला फसवत नव्हता.

बघता बघता तीसेक वर्षं गेली. थोरला लेक बद्रीनाथ चितेगावच्या एका कारखान्यात लागला. पोरगा शांत, निर्व्यसनी, पण दोन ठिकाणचे पाहुणे शेत बघून परस्पर बांधावरूनच परतले होते. बरोबरीच्यांची पोरं शाळेत जाऊ लागली तसा तो घरात जेवढ्यास तेवढं बोलू लागला. तिसरं स्थळ आलं ते गंगापूरकडचंच. मुलीचं नाव आशा, बाप तात्यासाहेब. नानासाहेबांनी या वेळी पाहुण्यांना शेताकडं न नेता आधी पानावर बसवायचं ठरवलं आणि गाडीवाल्या सांडूला नदीला धाडलं.

सांडूनं टिपाड अंगणात उतरवलं. "वैनी, लोन्यावानी वरन व्हनार बगा," तो म्हणाला. "पोराचं काम झालंच समजा."

द्वारकाबाईनं टिपाडात हात बुडवला. पाणी तिच्या माहेरचं होतं. मनाशी तिनं कितीदा ठरवलं की या पाण्यात डाळ टाकावी, पोराचं लग्न व्हावं, पुढचं पुढं. बद्रीनाथ नवा सदरा घालून आत-बाहेर करत होता. त्याच्याकडं बघितलं की तिचा जीव तुटत होता. मग उंबऱ्यावर बसलेली सासू आठवली, आणि आता त्या उंबऱ्यावर आपल्याला बसायचं आहे हे तिच्या ध्यानात आलं. तिनं कळशी उचलली आणि विहिरीवर गेली.

पाहुण्यांनी अंगणात हातपाय धुतले ते नदीच्या पाण्यानं. साबणाला झकास फेस आला. नानासाहेबांनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. पण पंगत मांडली गेली होती.

तात्यासाहेबांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावला. शेवटी त्यांनी विचारलं, "डाळ घाईत उतरवली काय?"

"पहाटंपसून चुलीवर हाय," द्वारकाबाई दारातून, पदर सावरत म्हणाली. "हितलं पानी आसंच हाय, पाव्हणं. जमीन चुनखडीची. रोज पिठलं खातो. लोक नदीचं पानी आनून वाढत्यात. माज्या बापाला बी तसंच वाढलं."

"गप बस," नानासाहेब पुटपुटले.

"पोरगा हिऱ्यावानी हाय, त्यात खोट नाय," ती थांबली नाही. "पन जन्मभर चुलीपुढं तिला बसायचंय. घरी जाऊन पोरीला इचारा."

"पोरीला?" तात्यासाहेबांना हसू आलं. "आसं कोन इचारतं?"

"कुनीच इचारत नाय. तुमी इचारा."

पाहुण्यांनी पानावर काही टाकलं नाही. रीतीप्रमाणं सुपारी घेतली आणि 'कळवतो' म्हणून गेले. बद्रीनाथनं नवा सदरा काढून खुंटीला टांगला आणि कामावर निघून गेला. आईशी एक शब्द बोलला नाही. नानासाहेब बोलले, आणि ते सगळं लिहिण्यासारखं नाही. सांडूनं रिकामं टिपाड गाडीवर चढवताना, "वैनी, माजे बैल फुकट दमवले," एवढंच म्हटलं.

पुढच्या बाजाराला गंगापूरकडचा एक ओळखीचा माणूस निरोप घेऊन आला. स्थळ नको म्हणून सांगितलं होतं.

नानासाहेबांनी बायकोकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. द्वारकाबाई शेळी सोडून पुढं आली. "नको कोन म्हनलं?" तिनं विचारलं. "तात्यासाहेब?"

"नाय. त्येंचा इचार पक्का व्हता, म्हने मानसं खरी हायेत," तो माणूस म्हणाला. "पन तुमी सांगितलं म्हनून पोरीला इचारलं. ती नको म्हनली."

द्वारकाबाई आत जाऊन चुलीपाशी बसली आणि रडली. लेकाची सोयरीक मोडली म्हणून रडते, असं नानासाहेबांना वाटलं, आणि लेकाचं तिला वाईट वाटत होतंच. पण त्या पोरीला कुणीतरी विचारलं होतं. पोरगी नको म्हणाली होती, आणि तिच्या बापानं ते ऐकलं होतं.