दादा आणि त्यांचं विच हंट

दिल्लीत आजवर सगळ्यात जास्त छळ कुणाचा झाला, असं विचाराल तर तो आमच्या मुनिरक्याच्या खोलीतल्या दादांचा. निदान दादांचं स्वतःचं मत तरी तसंच आहे. हे दादा मूळचे साताऱ्याचे, चौथ्यांदा स्पर्धा परीक्षेला बसलेले. रोज अग्रलेख वाचतात आणि त्यातला ‘विच हंट’, म्हणजे चेटकिणीची शिकार, हा शब्द त्यांच्या मनात भरला आहे. लायब्ररीतली पंख्याखालची खुर्ची गेली, विच हंट. खोलीतले डास नेमके त्यांनाच चावले, तेही विच हंट. जिन्याच्या कठड्यावरचा ओला टॉवेल काढा, असं सांगायला घरमालक आले, तर दादा गंभीरपणे म्हणाले, “अंकलजी, ये तो सीधा विच हंट है.” अंकलजी शांतपणे म्हणाले, “हां बेटा, पर तौलिया हटा लो.”

मी हसायचो, पण आतून अवघडून जायचो. आमच्या सातपुड्यातल्या गावात हा शब्द कुणाला ठाऊक नाही. तरी शेजारचं लेकरू तापाने गेलं तेव्हा माझ्या आत्याला डाकीण ठरवून गावाबाहेर काढलं होतं. ती आता सुरतेला लेकीकडे असते. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आत्याचं हे कळलं तर दादा माझ्याकडे कसे बघतील, या भीतीने मी गप्प राहायचो.

आमच्या खोलीवर उत्तरं एकमेकांनी तपासायची पद्धत आहे. उत्तरात आपल्या भागातलं उदाहरण नसेल तर दादा निम्मे गुण कापतात. मागच्या महिन्यात त्यांनी प्रश्न दिला, विच हंट म्हणजे काय ते सांगून आजच्या वापराची चर्चा करा. मी लिहिलं, पुरावा न बघता सगळे मिळून एकाच्या मागे लागतात ते विच हंट. हल्ली मात्र साधा जाब विचारला तरी लोक तसं म्हणतात. उदाहरणापाशी पेन अडलं. मग आत्याबद्दल लिहिलं.

दादांनी ते दोनदा वाचलं. गुण दिलेच नाहीत. “आत्या गावी येतात का कधी?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. “मग दिवाळीला त्यांना आमच्याकडे घेऊन ये. मी आईला सांगतो.”

मी फोनवर आत्याला निरोप दिला. ती म्हणाली, “लहान लेकरं आहेत का रे त्यांच्या घरी? असली तर आधी विचारून घे.”

मी विचारलं. दादा म्हणाले, दोन भाच्या आहेत, भयंकर दंगेखोर, आत्यांनाच आधी सावध कर.

आत्या अजून हो म्हणालेली नाही. पण परवा तिने त्या मुलींची नावं विचारून घेतली.