हिरवी म्हणून मोजलेली झाडं

आमच्या कृषी कार्यालयात त्याला सगळे टाचणी म्हणायचे. सडपातळ, टोकदार आणि कुणाच्या बापापुढेही न वाकणारा. पुरानंतर नुकसानीची पाहणी निघाली की आम्ही बाकीचे पंखा लावून खुर्चीतूनच गावं मोजायचो. कुठे किती झाडं गेली असतील याचा अंदाज बांधायचा आणि अर्ज भरायचे. टाचणी मात्र चुन्याचा डबा घेऊन बांधाबांधानं फिरायचा. वाळलेल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर पट्टा ओढायचा, म्हणजे एक झाड दोनदा मोजलं जात नाही. बावीस वर्षं हेच. आम्ही त्याला हसायचो आणि मनातून जळायचोही.

त्या वर्षी त्याच्या थोरल्या भावाच्या संत्र्याच्या बागेत पुराचं पाणी अकरा दिवस तुंबलं. झाडं तीनशे. अनुदान हवं तर त्यातली निदान शंभर वाळलेली भरायला हवीत. पैसे मिळाले तर नवी रोपं लावता येणार होती. नाहीतर साठीला आलेल्या भावाला गाव सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ते गाव खरं तर माझ्या वाट्याला आलं होतं. टाचणीनं मागून घेतलं. "तू इथं बसून आकडा ठोकशील," मला म्हणाला, "उद्या कुणी तक्रार केली तर दादाकडून पैसे परत घेतील. माझ्या मोजणीवर कुणी बोट ठेवत नाही."

मीही त्याच्याबरोबर बागेत गेले. वाळलेली झाडं भरली एक्क्याण्णव. बाकीच्यांची मुळं कुजली होती, साल नखानं सुटत होती, पण पानं हिरवी. अर्जात रकाने दोनच, हिरवं आणि वाळलेलं.

"अरे, आणखी नऊ झाडांवर ओढ ना पट्टे," मी चिडून म्हणाले. "पंधरा दिवसांत मरणारच आहेत ती."

"आज मेलेली नाहीत."

"सख्खा भाऊ आहे तुझा!"

"म्हणूनच," तो म्हणाला. त्यानं एक्क्याण्णवच लिहिलं. मला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

पाहणीनंतर तेराव्या दिवशी अख्खी बाग वाळली. टाचणीनं फेरपाहणीसाठी तीनदा अर्ज केला, साहेबांनी तिन्ही वेळा परत केला. एका बागेची दोनदा पाहणी करायची सोयच नव्हती. ज्या गावांत आमच्यापैकी कुणी पाऊलही टाकलं नव्हतं, तिथलं अनुदान मात्र बिनबोभाट मंजूर झालं.

मग एके दुपारी त्याची वहिनी कार्यालयात आली. आता भांडण होणार असं मला वाटलं. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"भाऊजी, उद्या निघतोय आम्ही. तुमच्या दादांना शहरात एका गोदामावर राखणदाराचं काम मिळालंय. ते काही इथं यायला तयार नाहीत."

"वहिनी, मी खोटं कसं लिहिणार होतो?"

"नाहीच लिहिलंत. सगळं गाव तेच म्हणतंय, तुमचे भाऊजी फार सच्चे." एवढं बोलून ती गेली.

 टाचणीकडची चार गावं अजून पाहायची राहिली होती. त्यानं त्यांचे कोरे अर्ज काढले, माझ्या शेजारी येऊन बसला आणि पहिल्या अर्जावर पेन टेकवलं.

"इथं साधारण किती टाकू?" त्यानं मला विचारलं.

मी आकडा सांगितला.