डावा गाल

तिरोड्यात माझी दाढी करतात त्या गृहस्थांचा जीव अमेरिकेतल्या एका बेसबॉल टीमवर जडला आहे. आठवडी बाजारात घेतलेली टोपी त्या टीमची निघाली, एवढंच नातं. टीम कायम हरते. तिथली रात्रीची मॅच इथे सकाळी, ऐन गिऱ्हाइकीत लागते. मोबाइल आरशाला टेकवलेला, वस्तरा माझ्या गळ्यावर, आणि तिकडे कोणीतरी कॅच सोडतो.

"हाताले तेल लावून आला का बे?" ते मोबाइलवर खेकसतात. मी श्वास रोखून धरतो.

परवा माझा उजवा गाल झाला आणि त्यांच्या टीमनं चक्क आघाडी घेतली. त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"हालू नोका जी. तुमी असे अर्धे बसले तवाच टीम जिंकून राहिली."

"अहो, मला साळ्याच्या साक्षगंधाला जायचंय! मुलीकडचे अंगठी घेऊन ताटकळतील!"

"साक्षगंध थांबते जी. मॅच थांबते का?"

बाकावरची दोन गिऱ्हाइकंही मला दटावू लागली. डाव्या गालावरचा फेस वाळला, कातडी ताणली, नाकाला मुंग्या आल्या. शेवटी मी शिंकलो. नेमक्या त्याच क्षणी समोरच्या टीमनं चेंडू मैदानाबाहेर भिरकावला आणि मॅच गेली.

"काऊन शिंकले जी?" त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

मी डावा गाल पुढे केला. त्यांनी ओल्या फडक्यानं फेस पुसला.

"राहू द्या. उद्याबी मॅच आहे. हा गाल असाच घेऊन या."

साक्षगंधाच्या सगळ्या फोटोंत मी उजवीकडूनच दिसतो.