पडद्यावरचा सासरा

बेबाबाई चोपड्याजवळच्या कापूस पिकवणाऱ्या घरातली सून. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी सासरे वनाआबांशी ती कधी बोलली नव्हती. सासऱ्यासमोर तोंडावर पदर ओढायचा आणि गप्प राहायचं, ही तिकडची रीत. अगदीच काही सांगायचं झालं तर ती भिंतीला सांगे आणि आबा ऐकून घेत.

१९४० साली नणंदेनं तिला जळगावात दुपारचा, फक्त बायकांसाठी असलेला सिनेमा दाखवला. पडद्यावर सासरा आला आणि बेबाबाईनं सवयीनं पदर ओढला. शेजारी बघितलं तर रांगच्या रांग पदराआड. सिनेमातली सून मात्र सासऱ्याकडे बघून म्हणाली, "मामंजी, मला शिकायचंय." आभाळ कोसळलं नाही. हळूहळू सगळ्यांचे पदर मागं सरले.

दुसऱ्या दिवशी आबा जेवायला बसले. बेबाबाई भिंतीकडे वळली आणि तिची तिलाच चीड आली. भिंत काय भाकर खाणार होती?

"आबा, भाकर वाढू?"

आबांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी मोठा सुस्कारा सोडला.

"बरं झालं माय, बोललीस. माले वाटे, तू मन्हावर रागायेल शेस."