सलादचा पहिला गड्डा

झारी भरली की आमचा माळी आधी तिच्यात स्वतःचा हात बुडवायचा. पाणी कोमट लागलं, तर अख्खी झारी लिंबाच्या मुळाशी ओतून पुन्हा विहिरीकडे. "सलादले ऊन पानी नही चालस, भाऊसाहेब," हे मला दिवसातून दोनदा ऐकवायचा, जणू झारी माझ्याच हातात होती.

तळोद्याला जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर मी कारकून होतो. हा माळी सातपुड्यातला भिल्ल, पन्नाशी उलटलेला. गावची जमीन राखीव रानात गेली, म्हणून बायकोला घेऊन बंगल्यामागच्या झोपडीत येऊन राहिलेला. साहेबाला परसात विलायती सलाद हवा होता: कोबीसारखा गच्च गड्डा, पण दाताखाली काकडीसारखा वाजणारा. माळ्याला हे खाणं काही केल्या पटेना. "कच्चंच खातस? बकरीसनी मायक?" असं विचारून तोंडावर फडकं धरून हसायचा.

दोन हिवाळे फुकट गेले. आमच्याकडच्या उन्हात रोपं गड्डा धरायच्या आधीच दांडा काढत आणि पानं कडू होत. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर त्याने बी ओल्या फडक्यात बांधून माठाच्या बुडाशी ठेवलं, मोड आल्यावर लावलं, वाफ्यावर तट्ट्यांची सावली केली. साहेबाने शब्दच दिला होता: धुळ्याचे मोठे साहेब जेवायला येतील तेव्हा गड्डे तयार असले, तर रानाच्या कडेचा एक तुकडा कसायला मिळेल. त्या तुकड्याबद्दल बोलताना त्याचा आवाज खाली यायचा. आपल्या शेतात मरावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

सहा गड्डे धरले. जेवणाच्या दिवशी सकाळी पाहतो तर वाफ्यात पाच! सहावा कुंपणाबाहेर, शेंदूर लावलेल्या दगडापुढे. नवं हिरवं देवापुढे ठेवल्याशिवाय डोंगरात कुणी तोंडात घालत नाही, हे तुम्हाआम्हाला ठाऊक असतं. साहेबाला कुठून असणार?

साहेब बाहेर आला आणि थेट चोर म्हणाला. त्याचं इंग्रजी तिथे मला एकट्यालाच कळत होतं. माळी माझ्याकडे वळला आणि सावकाश, नीट सांगू लागला, "पहिलं देवले दिधं, भाऊसाहेब. सायबनी पोरगी धाकली शे. नही दिधं तर तिले बाधी. सांगा त्यासले."

साहेबाचा चेहरा लालबुंद झाला होता. मला माझी नोकरी दिसायला लागली. मी एवढंच म्हणालो, "कबूल करतोय, साहेब." लिहितानाही लाज वाटते, पण तेवढंच म्हणालो.

तासाभरात झोपडी रिकामी झाली. जाताना त्याने मला राम राम केला. उरलेले पाच गड्डे मेजावर गेले. मोठ्या साहेबांनी तारीफ केली म्हणे.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबाची बदली झाली आणि मला धीर आला. भित्र्या माणसाला धीर असाच येतो. डोंगर चढून त्याच्या गावी गेलो, त्याच्यापुढे सगळं कबूल करायला. तो नव्हता. लाकूडतोडीच्या कामावर ताप अंगावर काढला आणि तिथेच आटोपला. बायको एकटीच होती. तिने माझ्यासाठी खाट टाकली.

"मरेपर्यंत तो एकच सांगे," ती म्हणाली, "भाऊसाहेबनी मन्हाकरता समदं सांगं. सायबनीच आयकं नही."

जे सांगायला गेलो होतो, ते मी सांगितलं नाही. तिने केलेली भाकर खाल्ली आणि परत निघालो.