लिंबाखाली पाणपोई, पाणपोईपाशी आई

टाकेवाडी रोड स्टेशनापासून खरी टाकेवाडी दोन कोस आत. रूळ टाकताना गोऱ्या साहेबानं सरळ रेघ ओढली, गाव राहिलं बाजूला आणि नाव तेवढं स्टेशनाला चिकटलं. पुढं स्टेशनाभोवतीच आडत आली, कारखाना आला, कॉलेज आलं, आणि बघता बघता शहर झालं. मूळ गावाला आता कुत्रं विचारत नाही. फलाट मात्र कालपरवापर्यंत एकच होता. त्यावर जुना कडुलिंब, लिंबाखाली कुणा व्यापाऱ्यानं बायकोच्या नावानं बांधलेली दगडी पाणपोई, आणि तिच्या कठड्याला टेकून राहात्याच्या पेरूंची पाटी घेऊन बसलेली गोजरबाई.

गोजरबाईचा नवरा लवकर गेला. मागं राहिला एकुलता एक वाल्मिक, अंगानं दांडगा आणि अकलेनं पाच वर्षांचा. अक्षर त्याला कधी कळलं नाही. पण एक होतं, कुणी काही सांगितलं आणि ते डोक्यात बसलं, की पुन्हा हलायचं नाही. म्हणून पाढे म्हणून घ्यावेत तसं गोजरबाई त्याच्याकडून रोज म्हणून घ्यायची, "हरवला तर कुठं उतरायचं?" तो म्हणायचा, "लिंबाखाली पाणपोई, पाणपोईपाशी आई."

एकदा तो गाडीत चढून दौंडला गेला होता. गोजरबाईनं रडून स्टेशन डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वारी आपली आपण उतरली आणि म्हणाली, "आये, पेरू दे." तेव्हापासून तिचा त्या पाढ्यावर देवापेक्षा जास्त विश्वास बसला. माणसाचं असंच असतं, एकदा जमलं की कायमचं जमलं वाटतं.

लॉकडाऊनच्या आदल्या उन्हाळ्यात मनमाडकडच्या गाडीत कुणाला तरी पेरू द्यायला वाल्मिक चढला आणि गाडी हलली. त्या दिवशी गोजरबाई फारशी घाबरलीसुद्धा नाही. मग पोलीस झाले, फोटो झाले, देवऋषी झाले. वाल्मिक आला नाही. येईल म्हणून ती तिथंच बसत राहिली.

मग रुळांची दुसरी जोडी आली आणि स्टेशनानं कूसच बदलली. बाजाराच्या अंगाला नवी इमारत, नवा उंच फलाट, आणि जुन्या बाजूनं तिकडं जायला रुळांखालून फरशीचा भुयारी मार्ग. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचतं, ही गोष्ट वेगळी. लिंब तोडला, पाणपोई पाडली. जुन्या फलाटाला आता खताच्या आणि साखरेच्या मालगाड्या लागतात, आणि मध्ये पत्रे ठोकलेत. सगळे फेरीवाले तिकडं गेले. गोजरबाई मात्र पत्र्यांआड, पाणपोईचा चौथरा होता तिथंच बसून राहिली.

चालत्या गाडीत चणे विकणारा अजीज या लाइनीवर नवा. माणूस लाघवी. आईसारखी बाई एकटी बसते म्हणून तो रोज भुयारातून यायचा, तिला चहा पाजायचा. "मावशी, माणसं तिकडं, तुमी हिकडं. धंदा व्हायचा कसा?"

"मी माज्या पोराला हितलं सांगितलंय," ती म्हणायची. "गावात उतरला की हुडकत यील." कुठला पोरगा, काय सांगितलंय, हे अजीजनं कधी खोदून विचारलं नाही.

पौषातल्या एका दुपारी ती फारच गप्प होती. तिला हसवावं म्हणून अजीजनं एक किस्सा काढला.

"मावशी, दिवाळीच्या गर्दीत गाडीत एक येडं भेटलं. बंगळुराकडची गाडी हुती. हे एवढी दाढी, अंगावर घोंगडं. आपलं टेसन आलं तसं उठलं आन् दारात उभं ऱ्हायलं. म्हनलं, उतरायचंय का? तर म्हनतं, लिंबाखाली पाणपोई, पाणपोईपाशी आई. सारा डबा हसला."

गोजरबाईनं कप खाली ठेवला. "मग?"

"मग काय. मीच म्हनलं, भाऊ, हितं लिंब न्हाई आन् पाणपोई बी न्हाई. तुजं टेसन ह्ये न्हवं, लांब आसंल. गुणी हुतं बिचारं. लगीच ऐकलं, आत जाऊन बसलं."

त्योच माजा वाल्मिक, हे गोजरबाईच्या अगदी ओठावर आलं. पण समोर अजीज हसऱ्या तोंडानं, ती हसेल म्हणून वाट बघत होता. त्याला सांगून काय मिळणार होतं? आणि चुकलं होतं कुणाचं? ती पत्र्यांच्या या बाजूला हट्टानं बसली होती तेव्हा लेक त्या बाजूला दारात उभा होता.

"व्हय," ती म्हणाली. "गुणीच आसंल."

दुसऱ्या दिवशी ती पाटी डोक्यावर घेऊन भुयारातून नव्या फलाटावर गेली. मावशीनं शेवटी आपलं ऐकलं म्हणून अजीजला कोण आनंद झाला. तिथं पेरू चांगले खपतात. गाडी थांबली की ती एकेका दारात बघते, सवयीनं. पण तिला ठाऊक आहे, वाल्मिक या गाडीत असला तरी आता दारात यायचा नाही. हे आपलं स्टेशन नव्हे, असं त्याला कुणीतरी सांगितलंय, आणि सांगितलेलं तो विसरत नाही.