रुसलेले सर

एक चप्पल काढलेली, दुसरी पायातच. कुणाच्याही घरी कार्यक्रम असला की सर असे दारात उभे राहायचे. आतून कुणीतरी येऊन हात धरून "या ना सर" म्हणेपर्यंत दुसरी चप्पल निघायची नाही. कुणी आलेच नाही, तर काढलेली पुन्हा पायात घालून ते परत फिरत. दुसऱ्या दिवशी शाळेत विचारले की उत्तर ठरलेले, "मले कोनी म्हनलंच नाई."

"अहो सर, पत्रिका दिली होती ना?"

"दारातून सरकवली मॅडम. पेपर टाकतेत तशी."

मलकापुरात आम्ही एकाच शाळेत होतो, मी इंग्रजीची, ते चित्रकलेचे. राहायलाही एकाच गल्लीत. त्यांनी फळ्यावर खडूने बैल काढला, तर पुढच्या तासाला मुले मला फळा पुसू देत नसत. मुख्याध्यापकांनी कौतुक केले तरी सर माझ्या कानाशी येऊन म्हणत, "बाकीच्यायनं काई म्हनलं नाई, पाह्यलं?"

मुलांनो, तुम्ही दूर शहरात वाढलात, पण आपल्याकडे रुसण्याला मान आहे. जावई रुसतो, व्याही रुसतो, आत्या रुसते. मग चार माणसे जातात, दुपट्टा-टोपी देतात, विनवतात, आणि रुसलेला उठून पोटभर जेवतो. सरही त्यातलेच, असे गल्लीने धरून चालले. "लय नखरे हायेत बे या मास्तरचे," असे म्हणणाराच पुढच्या वेळी समजूत काढायला जाई. घरी त्यांची बायको हे काम रोज करी. ताट वाढून तिने "जेवा ना हो" म्हणत राहावे आणि यांनी भिंतीकडे पाहत राहावे.

सरांच्या मुलीच्या लग्नात तर कमाल झाली. खुर्च्या कुठे मांडायच्या, हे मांडववाल्याने सरांना न विचारता त्यांच्या मेव्हण्याला विचारले. सर तडक घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. मुहूर्त जवळ आला. नवरदेवाकडची मंडळी वरवट बकालची, साधी शेतकरी माणसे. त्यांच्यातल्या एका बाईने मला हळूच विचारले, "मॅडम, रुसाचं तं आमी असते ना? हे काऊन रुसले?"

मला हसू आवरेना. पण नवरी मुलीने माझा हात घट्ट धरला होता. एकुलती एक मुलगी. म्हणाली, "काकू, बाबा आले नाई तं मी उभीच राह्यत नाई."

शेवटी नवरदेवाचे वडीलच उठले. सरांच्या उशाशी जाऊन बसले. "चाला ना इवाईबुवा. तुमच्याबिगर अक्षता कशा पडतीन?" सर उठले. त्यांना हाताला धरून आणले, तेव्हा मांडवात टाळ्या पडल्या. सगळ्यांना वाटले, मिटले.

पंगती उठल्यावर रिकाम्या खुर्च्यांमध्ये सर माझ्याजवळ येऊन बसले. चेहरा उतरलेला. "मॅडम, इवाई मनानं आले व्हते, का लोकायनं धाडलं म्हून आले?"

मी म्हटले, "मनाने आले हो. मी पाहिले ना."

त्यांनी मान हलवली, पण पटले नव्हते. मग आपणहून सांगू लागले. आई लहानपणीच गेलेली, वाढले देऊळघाटला मामांकडे. मामी वाईट नव्हती. पण घरात कार्य असले आणि हे पंगतीत बसले, की कुणीतरी दंडाला धरून उठवायचे, "तू तं घरचाच हायस, मांगून बस." भुकेचे काही नाही, म्हणाले, नंतरच्या पंगतीत जेवायला मिळायचेच. "पन मॅडम, घरचा व्हतो म्हून उठवत, का नव्हतो म्हून, हे मले अजून समजलं नाई."

 

पुढे त्यांची बायको वारली. गल्लीही हळूहळू थकली. आताचे लोक एकदा बोलावतात. आला तर आला. शेजारी बारशाचा स्पीकर लागलेला असावा आणि सरांनी धुतलेला सदरा घालून स्वतःच्या ओट्यावर बसून राहावे, असे मी कितीदा पाहिले. मी बोलवायला जाई, तर म्हणत, "तुमी जा मॅडम. तुमाले तं सवय झाली माह्यी."

मुलगी त्यांना अकोल्याला मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन गेली. गल्लीत लगेच कुजबुज, "सर काय पागल हायेत का?" डॉक्टरांनी तिला सांगितले, हे वेड नव्हे. काही माणसांचा स्वभावच लहानपणापासून असा घडत जातो की दुसऱ्याचे प्रेमही त्यांना तपासून घ्यावे लागते. गोळ्यांपेक्षा बोलणे महत्त्वाचे, वेळ लागेल, येत राहा. सर पुन्हा गेले नाहीत. "डॉक्टरनं परत या म्हनलं, पन कंपाउंडरच्या तोंडून."

परवा फोनवर तुम्ही मला 'पर्सनॅलिटी डिसऑर्डर' म्हणजे काय ते समजावलेत, तेव्हापासून सर डोळ्यांपुढून हलत नाहीत. शब्द बरोबर असेल. पण आमच्याकडे त्यासाठी आधीच एक घरगुती शब्द होता, रुसवा, आणि तो इतका ओळखीचा होता की त्याच्या आत कुणी डोकावले नाही.

सर मागच्या हिवाळ्यात गेले, झोपेतच. दहाव्याला विधी मुलीनेच करायचे ठरले, म्हणून मीही नळगंगेच्या काठावर गेले. तुम्ही हे पाहिलेले नाही, म्हणून सांगते. पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट पाहतात. तो शिवला नाही, तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असे समजतात. मग एकेक जण हात जोडून त्याची समजूत काढतो. त्या दिवशी सगळी गल्ली आली होती. दुपारपर्यंत थांबावे लागणार, असे धरून कुणी चहाचा थर्मासही आणला होता. काय काय म्हणायचे, हे मुलगी वाटेत माझ्याशी बोलत होती. मनाने बोलावते बाबा, लोकांनी सांगितले म्हणून नाही, हे तिला आधी म्हणायचे होते.

पिंड ठेवून ती दोन पावले मागे सरली, हात जोडले, आणि कावळा आला. सरळ खाली उतरून खाऊ लागला.

"सुटले बाप्पा सर," कुणीतरी म्हणाले. माणसे पाण्याकडे वळली. ती मात्र तशीच हात जोडून उभी.

"काकू," ती म्हणाली, "मले बोलूच नाई देल्लं त्यायनं."